लाकडी बाऊलला गुळगुळीत फिनिश कसं आणायचं: पेपर हातात घ्यायच्या आधीपासून

लेथवर (लाकूड गोल फिरवत ठेवणारं यंत्र, फिरत्या लाकडाला हत्यार लावून आकार काढतात) बाऊल करायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाचा एक प्रश्न असतो, कितीही घासलं तरी समोरासमोर दोन ठिकाणी खरखरीत पट्टे राहतातच, आता कुठला सँडपेपर आणू? आणि गंमत म्हणजे उत्तर पेपरमध्ये नसतंच. ते पट्टे गाऊजने (खोबणीच्या पात्याचं, छिन्नीसारखं हत्यार) पाडलेत, गाऊजनेच काढायला लागतात. म्हणून सँडिंगवर यायच्या आधी थोडं मागून सुरुवात करतोय, घाई असली तरी हा भाग सोडू नका. बाऊल चकमध्ये (लेथचा लाकूड पकडणारा जबडा) धरणं, ढोबळ आकार काढणं, आतून पोकळ करणं हे जमतं असं गृहीत धरलंय, इथे फक्त पृष्ठभागाचं बोलू.

ते दोन पट्टे येतात कुठून

बाऊल साधारण ज्या पद्धतीने लेथवर बसवतात त्यात लाकडाचे रेषे अक्षाला आडवे असतात. त्यामुळे एका फेऱ्यात धारेखालून दोनदा रेष्यांची लांब बाजू जाते आणि दोनदा रेष्यांची टोकं जातात, म्हणजे ज्याला एंड ग्रेन म्हणतात ते. लांब बाजूला काही त्रास नसतो. टोकांच्या जवळ मात्र धार रेषा कापायच्या आधी त्याला वाकवते, आणि मागे आधाराला दुसरं लाकूड नसेल तर तो कापला न जाता खालून उपटला जातो. तिथे बारीक बारीक खड्डे पडतात. हे खड्डे पृष्ठभागाच्या खाली गेलेले असतात, त्यामुळे पेपरने ते घालवायचे म्हणजे आजूबाजूचं सगळं लाकूड तेवढं खाली आणायचं. त्यातून पुन्हा लांब रेष्यांचा भाग टोकांपेक्षा लवकर झिजतो, म्हणजे तुम्ही जितकं जास्त घासाल तितका बाऊल हळूहळू गोल राहत नाही आणि पट्टे तिथेच.

हे बघायचं कसं? लेथ बंद करा, एक दिवा बाजूने, अगदी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर येईल असा धरा आणि बाऊल हाताने सावकाश फिरवा. वरून पडणाऱ्या ट्यूबच्या उजेडात काहीच दिसत नाही, बाजूच्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. उपटलेली जागा मळकट, भुरकट दिसते, नख फिरवलं की अडकतं. नीट कापलेलं एंड ग्रेन उलट गडद आणि किंचित चकचकीत असतं, पेपर न लावताच. एकदा हा फरक डोळ्याला कळला की निम्मी लढाई झाली.

लाकूड ओलं की वाळलेलं

घट्ट, बारीक पोताचं लाकूड नवीन माणसाला सोपं जातं. मऊ, बुरशी लागून भुसभुशीत झालेलं लाकूड दिसायला फार सुंदर असतं पण सुरुवातीला टाळा, ते कापलं कमी आणि फाटलं जास्त जातं. सागवान कापायला बरं असतं पण त्यात सिलिका असते, धार पटकन जाते, मग लोक समजतात आपलीच पद्धत चुकतेय.

ओल्या लाकडावर गुळगुळीत फिनिशची अपेक्षा ठेवू नका. पेपर दोन मिनिटांत चिकट भुशाने भरतो, आणि आज गुळगुळीत केलेला बाऊल वाळताना आक्रसून वाकडा होतो, वर कुसं उभी राहतात ती वेगळीच. ओलं लाकूड असेल तर दोन टप्प्यात करा: आधी जाड भिंतीचा कच्चा बाऊल, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण एक दशांश (२५ सेंटीमीटरचा बाऊल असेल तर अडीच सेंटीमीटर), मग एंड ग्रेनवर मेण लावून किंवा कागदी पिशवीत गुंडाळून बिनवाऱ्याच्या जागी ठेवून द्या. अधूनमधून वजन करून त्याच्यावरच पेन्सिलने लिहीत जा. वजन कमी व्हायचं थांबलं की वाळला. किती महिने हे लाकडावर, जाडीवर आणि हवेवर आहे, कॅलेंडर बघून ठरवू नका, वजनकाटा बघा.

शेवटच्या कटच्या आधी धार

आकार काढून झाला, शेवटचे एकदोन कट राहिलेत, तर आत्ता थांबा आणि गाऊजला नव्याने धार लावा. अजून चालतीये की, असं वाटत असेल तरी लावा. धार तपासायची सोपी पद्धत म्हणजे उजेडात पातं वळवून कड बघायची, कडेवर कुठे चमकदार रेघ किंवा ठिपका दिसला तर ती जागा बोथट आहे, कारण खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परत येत नाही. ग्राइंडरवर जिग (हत्यार ठरलेल्या कोनात धरणारा साचा) वापरा, म्हणजे दर वेळी तोच कोन येतो. हाताने अंदाजे धार लावायला शिकायचं असेल तर शिका, पण बाऊल करायला शिकताना तेही शिकणं म्हणजे दोन डोकेदुख्या एकत्र.

आता दिशा. बाहेरच्या बाजूला बुडाकडून काठाकडे कापायचं, आतल्या बाजूला काठाकडून बुडाकडे. अशा दिशेने गेलं की कापल्या जाणाऱ्या रेष्याच्या मागे अजून न कापलेलं लाकूड आधाराला असतं. उलट गेलात की आधार संपला, उपटणं सुरू. गोंधळ झाला तर एवढंच आठवा: बाहेरून जाताना व्यास वाढत गेला पाहिजे, आतून जाताना कमी होत गेला पाहिजे.

कट अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ. बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, लाकडावर नुसतं टेकलेलं असू दे, दाबू नका. नवीन माणूस इथे हमखास दाबतो, आणि दाबलं की बेव्हल एंड ग्रेनवरून उडतं आणि मधल्या भागात रुततं, मग बाऊलवर लाटा उठतात आणि त्या लाटा एकदा उठल्या की पुढच्या प्रत्येक कटमध्ये मोठ्याच होत जातात. असं झालं तर हात हलका करा, गाऊज थोडा सावकाश पुढे न्या, तरी नाही गेलं तर स्पीड थोडा कमीजास्त करून बघा. गाऊजचा दांडा कमरेला टेकवून पायांवरून अंग झुलवा, नुसत्या मनगटाने ढकललेला कट सरळ येत नाही. मध्ये थांबू नका, थांबलात तिथे रेघ पडते.

स्पीडचा एक जुना आडाखा आहे: इंचातला व्यास गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये असावं. म्हणजे १० इंची बाऊलला ६०० ते ९००. लाकडाचा तोल नीट नसेल, भेग असेल, किंवा लेथ थरथरत असेल तर हा आडाखा बाजूला ठेवा आणि कमीच ठेवा.

आतल्या बाजूला अजून एक गोष्ट, भिंत एकदम सगळी पातळ करू नका. काठापासून दोन-तीन सेंटीमीटरचा पट्टा पूर्ण जाडीला आणा, फिनिश कट घ्या, मग खालचा पट्टा. भिंत पातळ झाली की काठ थरथरतो आणि हलतो, परत वर जाऊन थोडंसं अजून करायला गेलात की एकतर गाऊज अडकेल नाहीतर चट्टे पडतील. आणि जिथे भिंत वळून बुडाला मिळते तिथे नेहमीच्या गाऊजचं बेव्हल टेकतच नाही, तिथे जास्त उभ्या कोनाचा, ६०-७० अंशांचा गाऊज लागतो. तो नसेल तर बुडापुरता गोल तोंडाचा स्क्रेपर (खरवडायचं सपाट हत्यार) चालेल, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची आडवी पट्टी) जवळ आणि स्क्रेपरचं टोक किंचित खाली झुकलेलं. पातळ भिंतीच्या आतून मात्र सपाट धरलेला स्क्रेपर चालवू नका, तो अडकला तर बाऊल फुटतो.

शिअर स्क्रेपिंग, आणि हट्टी जागा

बाहेरच्या बाजूला फिनिश कटनंतर जे बारीक चढउतार राहतात ते काढायला ही सगळ्यात उपयोगी ट्रिक आहे, आणि शिकायला वाटते तितकी अवघड नाही. गाऊजचा दांडा बराच खाली न्या, खोबणी लाकडाकडे तोंड करून जवळजवळ बंद होईल अशी फिरवा, आणि फक्त खालच्या पंखाची (खोबणीच्या खालच्या कडेची) धार लाकडाला टेकवा, अशी की धार साधारण ४५ अंशात तिरकी उभी राहील. बेव्हल टेकलेलं नसतं. आता अगदी अलगद ओढत न्या. बरोबर जमलं तर ढलप्या निघत नाहीत, पिंजलेल्या कापसासारखा हलका बारीक तंतूंचा पुंजका धारेवर जमायला लागतो. भुकटी उडत असेल तर धार गेली किंवा कोन सपाट झाला. ही धार फार लवकर जाते, दोनतीन वेळा फिरवलं की परत ग्राइंडर, कंटाळा करू नका.

एवढं करूनही एंड ग्रेन खडबडीतच राहिलं तर तिथे पातळ केलेली लाख किंवा सँडिंग सीलर (घासायच्या आधी लाकडात मुरवायचं पातळ द्रव) लावा, मुरू द्या, वाळू द्या. मऊ रेषे ताठ होतात आणि मग ताज्या धारेने एकदोन हलके कट घेतले की वाकायच्या ऐवजी कापले जातात. नुसतं पाणी मारूनही बऱ्याचदा काम होतं. फक्त लाख लावणार असाल आणि शेवटी तेलाचं फिनिश असेल तर ती लाख कापून पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर तेल तिथे मुरत नाही आणि फिकट डाग राहतो.

आता पेपर

आधी धूळ. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीये, त्यामुळे तोंडावर रुमाल बांधून भागवू नका, एन९५ किंवा त्या दर्जाचा नीट बसणारा मास्क घाला आणि जमलं तर धूळ ओढून घेणारा पाइप बाऊलच्या मागे लावा. शिसवीसारख्या लाकडांनी काहींना अंगावर पुरळही येतं. टूल रेस्ट पूर्ण काढून ठेवा, बोटं त्याच्यात आणि बाऊलच्या मध्ये सापडतात. हातमोजे नकोत, लांब बाह्या वर, पेपर बोटाला गुंडाळायचा नाही, नुसता तीन घड्या करून धरायचा म्हणजे अडकला तर हातातून सुटून जाईल.

स्पीड कापतानाच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणा. लोकांना वाटतं जास्त स्पीड म्हणजे लवकर काम, पण जास्त स्पीडला पेपर नुसता वरून घसरतो आणि तापतो, आणि तापलं की एंड ग्रेनमध्ये केसासारख्या भेगा पडतात ज्या नंतर कशानेच जात नाहीत. बोटांना चटका बसला तर लाकडाला तो आधीच बसलेला असतो. पेपरच्या मागे फोमचा तुकडा धरणार असाल तर बोटांना गरम लागायला उशीर होतो, एवढं लक्षात ठेवून मधेमधे थांबत जा.

धरायचं कुठे, तर जिथे लाकूड तुमच्या हातापासून दूर पळतंय तिथे. लेथ नेहमीच्या दिशेने फिरत असेल तर आतून घासताना तुमच्या बाजूचा खालचा भाग. चुकीच्या बाजूला धरलंत तर बाऊल पेपर, बोटं सगळं तुमच्याकडे वर फेकतो.

सुरुवात कुठल्या नंबरने करायची (नंबर मोठा तसा पेपर बारीक)? कट चांगला आला असेल तर १८०, ठीकठाक असेल तर १२०. ८० ची गरज वाटत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पेपर ठेवा आणि परत गाऊज उचला, दहा मिनिटांत होईल ते काम ८० ने तासभर करत बसाल. पुढचा क्रम १२०, १८०, २४०, ३२०, ४००. मधला नंबर गाळू नका, कारण साधा हिशोब आहे: पी८० च्या पेपरवरचा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा, पी१८० चा ८० च्या आसपास, पी४०० चा ३५. पी८० ने पाडलेला ओरखडा पी४०० चा दाणा कधी भरून काढणार? तो फक्त ओरखड्याच्या कडा चमकवतो, आणि मग तेल लावल्यावर तोच ओरखडा ठळक होऊन वर येतो. जो फिनिश लावल्यावर अचानक रेघा दिसायला लागल्या असं म्हणतो त्याच्या रेघा तिथेच होत्या, कोरड्या लाकडावर दिसत नव्हत्या एवढंच.

प्रत्येक नंबरला असं करा. लेथ चालू ठेवून घासा, पेपर सतत काठापासून बुडापर्यंत हलता ठेवा. मग लेथ बंद, आणि त्याच पेपरने हाताने रेष्यांच्या दिशेने घासा, गोल गोल उमटलेल्या रेघा जाईपर्यंत. मग सगळी धूळ ब्रशने किंवा हवेने उडवा, कारण आधीच्या पेपरचा सुटलेला एक दाणाही पुढच्या पेपरखाली सापडला तर नवी रेघ पाडतो. मग पुढचा नंबर. याचा फायदा असा की हाताने घासून झाल्यावर पृष्ठभागावर एकच दिशा राहते, उलट दिशेची गोल रेघ दिसली तर ती आधीची राहिलेली आहे हे लगेच कळतं. दोनतीन नंबरनंतर एकदा स्पिरिटने पुसून त्याच बाजूच्या उजेडात बघा, ओलं असेपर्यंत पाचदहा सेकंद सगळं उघड दिसतं, फिनिश लावल्यावर जे दिसणार होतं तेच. राहिलेल्या रेघांवर पेन्सिलने खूण करा आणि स्पिरिट उडून गेल्यावर परत त्याच नंबरवर जा, पुढच्या नाही. (स्पिरिट लेथ बंद असताना आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.)

पेपर झिजला की टाका. गुळगुळीत झालेला १८० हा २४० होत नाही, तो नुसता गरम करायचं साधन होतो.

ड्रिलला ५० मिलिमीटरचं मऊ वेल्क्रो पॅड लावून सँडिंग करायचं असेल तर जरूर करा, मी तर मोठ्या बाऊलला दुसरं काही सुचवणारच नाही. लेथ सावकाश फिरतोय, डिस्कही फिरतीये, त्यामुळे ओरखडे एका जागी रांगेत न पडता विखुरतात आणि गोल रेघा होतच नाहीत. पॅडची कड टेकवू नका, चंद्रकोरीसारखे चर पडतात, मध्य आणि कड यांच्या मधला भाग टेकवा. एखादी हट्टी जागा राहिलीच तर लेथ बंद करून, स्पिंडल लॉक करून तेवढ्यावर ड्रिल फिरवा, पण भोवतालचाही भाग घ्या, नाहीतर तिथे खळगा होईल आणि हाताला तो डोळ्यांपेक्षा आधी कळतो.

बाऊल कधीही धुतला जाणार असेल तर ३२० नंतर ओल्या कपड्याने सगळीकडे पुसा (लेथ बंद) आणि पूर्ण वाळू द्या. हात फिरवलात तर परत खरखरीत लागेल, घाबरू नका, दबलेली कुसं उभी राहिलीत. आता ४०० ने अगदी हलक्या हाताने ती काढा. खोल घासलंत तर खालची नवी कुसं उघडी पडतील आणि परत पहिल्यापासून. हे केलं नाही तर पहिल्यांदा धुतल्यावर बाऊल खरखरीत होणारच.

४०० च्या पुढे जायचं का? तेल लावणार असाल तर गरज नाही, उघड्या छिद्रांच्या लाकडावर फरक दिसतही नाही. काळपट, घट्ट लाकडावर ६०० पर्यंत जा, तिथे दिसतो.

बूड

लोक वरचं सगळं आरशासारखं करतात आणि बूड तसंच सोडून देतात. बाऊल उलटा करून जॅम चकवर (बाऊल घट्ट बसेल असा कापलेला लाकडाचा ठोकळा) किंवा तशाच कुठल्या पद्धतीने धरा, टेलस्टॉकचा (लेथच्या समोरच्या टोकाकडून टेकू देणारा भाग) आधार शेवटपर्यंत ठेवा, बूड मध्यभागी किंचित आत घ्या म्हणजे बाऊल डुगडुगत नाही. मध्ये राहिलेला छोटा खुंट पटाशीने काढून तिथे हाताने तेच सगळे नंबर.

फिनिश

वापरायच्या बाऊलला सुकणारं तेल लावा, जवसाचं किंवा टंग (टंग झाडाच्या बियांचं). न सुकणारी खाद्यतेलं नकोत, ती आत खवट होतात. कच्चं जवस तेल सुकायला फार वेळ घेतं, बॉइल्ड म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे ड्रायर असतात, त्यामुळे खायच्या वस्तूंसाठी घेताना डब्यावरचं वाचून घ्या. मिनरल ऑइल सुकतच नाही, चालतं, फक्त परत परत लावावं लागतं.

पहिला हात भरपूर, लाकूड पिईल तेवढं, पंधरावीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं, राहिलेलं तेल चिकट थर होऊन बसतं. पुढचे हात पातळ, मध्ये निदान एक दिवस. दुसऱ्या हाताला तेल ओलं असतानाच ४०० च्या वॉटर पेपरने घासलं तर भुसा आणि तेलाचा लगदा बारीक छिद्रांत बसतो आणि पोत एकदम रेशमी होतं, हे करून बघाच. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नका. जवस आणि टंग सुकताना उष्णता सोडतात, फडक्यांच्या बोळ्यात ती कोंडून आपोआप आग लागते. उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

नुसता शोभेचा बाऊल असेल तर लाख. स्पिरिटमध्ये विरघळवलेली पातळ लाख, पातळ पातळ थर, मधे ४०० हलका. चमक लगेच येते, पण पाणी राहिलं की पांढरे डाग पडतात आणि दारू सांडली तर थेट विरघळते. फिरत्या लेथवर लाख किंवा मेण चोळायचं असेल तर पेपर टॉवेलने चोळा, कापडाने कधीच नाही, टॉवेल अडकला तर फाटतो, कापड अडकलं तर बोट जातं. मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, घासण्याच्या उष्णतेने छान पसरतं, हाताला गोड लागतं पण पाण्यासमोर एकटं टिकत नाही, तेलावर शेवटचा हात म्हणून ठीक. बफिंग व्हीलवर कार्नोबा मेण लावून चमक अजून चढवता येते. मला स्वतःला इतका चकचकीत बाऊल प्लास्टिकचा वाटतो, पण ज्याची त्याची आवड.

तेलाचा शेवटचा हात दिला की बाऊल लगेच वापरायला काढू नका. हाताला कोरडा लागला तरी आत तेल अजून घट्ट होतच असतं, तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत, बरेचदा काही आठवडे, हवेशीर जागी ठेवा. पुढे कधी लाकूड फिकट आणि कोरडं दिसायला लागलं तर ४०० चा एक हलका हात, धूळ पुसून तेल, वीस मिनिटांनी कोरडं पुसणं, बस.